ग्राइंडर असलेलं कॉफी मशीन: निवडण्यापासून पहिल्या चांगल्या कपापर्यंत

कॉफीची बी दळली की तिच्यातला सुगंध मोकळा होतो, आणि एकदा मोकळा झाला की तो थांबत नाही. भाजताना बीमध्ये साठलेला कार्बन डायऑक्साइडही त्याच्या पाठोपाठ निघून जातो. अख्ख्या बिया नीट बंद डब्यात महिनाभर सहज चांगल्या राहतात, पण दळलेल्या पुडीचा आत्ता जो दरवळ येतोय तो उद्या सकाळी येणार नाही. घरात ग्राइंडरवालं मशीन आणायचं ते एवढ्यासाठीच.

मशीन बघायला गेलं की लक्ष वेधून घेतात ते पडदा, बटणं, चकचकीत स्टील आणि खोक्यावर बारमध्ये लिहिलेला दाबाचा मोठा आकडा. माझं सांगणं एकच आहे: तुम्ही ग्राइंडर विकत घेताय, बाकीचं मशीन त्याच्याबरोबर येतंय असं समजा. कपात काय उतरणार ते बरंचसं दळणावर ठरतं. मशीन निवडणं, रोजची कॉफी करणं आणि साफसफाई, तिन्हीकडे मी याच नजरेनं पाहतो.

आधी कॉफी ठरवा

ग्राइंडरवाली मशीन ढोबळमानानं तीन प्रकारची असतात.

पहिलं ड्रिप मशीन. बिया दळून पूड गाळणीत पडते, वरून गरम पाणी ठिबकतं आणि खाली भांडं भरतं. मेलिटा बेंट्झ यांनी 1908 मध्ये जर्मनीत कागदी गाळणीची नोंद केली, तीच ही पद्धत. फक्त पाणी ओतायचं काम आता यंत्र करतं. तीन-चार माणसांना एकाच वेळी मोठा मग भरून काळी कॉफी हवी असेल तर हेच घ्या.

दुसरं अर्धस्वयंचलित एस्प्रेसो मशीन. दांड्याच्या गाळणीत, म्हणजे पोर्टाफिल्टरमध्ये, पूड घ्यायची, दाबायची, दांडा मशीनला अडकवायचा आणि दाबाखालचं पाणी त्यातून काढायचं. इथं हात लागतो आणि शिकावंही लागतं. मात्र कॉफीची गोडी लागलेल्या माणसाला सगळ्यात जास्त आनंद देणारा प्रकार हाच.

तिसरं पूर्ण स्वयंचलित. बटण दाबलं की दळणं, दाबणं, पाणी सोडणं, चोथा डब्यात टाकणं सगळं आतल्या आत होतं. सकाळी घाई असेल, घरात प्रत्येकाची वेळ वेगळी असेल आणि कुणालाच यात डोकं घालायचं नसेल, तर हे योग्य. चव चांगली लागते, पण ती तुमच्या मनासारखी घडवायला जागा कमी असते.

दुधाची कॉफी पिणाऱ्यानं ड्रिप मशीन घेऊ नये, कारण ती कॉफी दुधात हरवते. आणि रोज फक्त मोठा मग काळी कॉफी पिणाऱ्यानं एस्प्रेसो मशीनवर पैसे घालायची गरज नाही.

मशीन बघायला गेल्यावर

पहिला प्रश्न: ग्राइंडर पात्याचा की बरचा? पात्याचा ग्राइंडर म्हणजे मिक्सरच. पातं बियांवर आपटतं, काही तुकडे मोठे राहतात आणि काहींचं पीठ होतं. त्या पिठातून कडूपणा उतरतो, मोठ्या तुकड्यांतून आंबटपणा, आणि दोन्ही एकाच कपात येतात. बर ग्राइंडरमध्ये दोन दातेरी चकत्या असतात. जात्याच्या दोन दगडांसारख्या त्या एकमेकींसमोर बसतात आणि बी त्यांच्यामधून चिरडून जाते. चकत्यांमधलं अंतर ठरवलं की दळणाचा जाडबारीकपणा ठरतो. स्वस्त ड्रिप मशीनमध्ये अजूनही पातं सापडतं. ते घेऊ नका, त्यापेक्षा साधं मशीन आणि वेगळा हाताचा बर ग्राइंडर बरा. चकत्या स्टीलच्या की सिरॅमिकच्या, शंकूच्या आकाराच्या की सपाट, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. पहिल्या मशीनसाठी तो मुद्दा दुय्यम आहे.

दुसरा प्रश्न: दळण जाडबारीक करायला किती टप्पे आहेत? ड्रिपसाठी पाच-सहा पुरतात. अर्धस्वयंचलित एस्प्रेसोला निदान पंधरा-वीस हवेत, कारण तिथं एका टप्प्यानं धारेत चार-पाच सेकंदांचा फरक पडू शकतो.

तिसरा, आणि दुकानात फारसा कुणी न विचारणारा प्रश्न: वरची चकती हातानं निघते का? विक्रेत्याला काढून दाखवायला सांगा. ती निघत असेल तर साफसफाई तुमच्या हातात आहे. ती निघत नसेल तर अडकलेल्या पुडीसाठी मशीन दुरुस्तीला न्यावं लागेल.

बारच्या आकड्याला भुलू नका. एस्प्रेसोला साधारण 9 बार दाब लागतो. खोक्यावर 15 किंवा 19 लिहिलेलं असतं ते पंपाची कमाल ताकद म्हणून. तेवढा दाब पुडीवर पडला तर कॉफी बिघडेल. 9 असो, 15 असो, त्या आकड्यावरून निवड करू नका. पाणी ठरावीक तापमानाला राहतं का, हे जास्त महत्त्वाचं. पूड आणि पाणी भेटताना पाणी 90 ते 96 अंश सेल्सियस असायला हवं.

पूर्ण स्वयंचलित मशीनमध्ये कॉफी गाळणारा आतला भाग, ज्याला ब्रू ग्रुप म्हणतात, तो बाजूचं दार उघडून बाहेर काढता येतो का ते बघा. येत असेल तर नळाखाली धुता येतो. मला हे इतकं गरजेचं वाटतं की तो न निघणारं मशीन मी घेणार नाही.

अर्धस्वयंचलित मशीनबरोबर गाळण्या कोणत्या येतात तेही पाहा. दुहेरी तळाच्या गाळणीत कॉफी एकाच बारीक भोकातून जोरानं बाहेर पडते, त्यामुळे दळण कसंही असलं तरी फेस दिसतो. सुरुवातीच्या दोन दिवसांपुरती ती ठीक. तळभर बारीक भोकं असलेली साधी गाळणी खोक्यात असायलाच हवी, कारण ग्राइंडरची करामत त्यातच कळते.

आणि घरी मोजपट्टी घ्या. ओट्यावर कपाट असेल तर मशीनची उंची बघून भागत नाही. वर बियांच्या डब्याचं झाकण उघडायला जागा लागते, मागची टाकी वर उचलायला त्याहून जास्त. मशीन 1200 ते 1800 वॉट खातं, तेव्हा सरळ भिंतीतल्या जाड पिनेच्या सॉकेटवर लावा, लांब वायरच्या बोर्डवर नको. दुसऱ्या देशातून आणणार असाल तर व्होल्टेज आधी जुळवून बघा. 110-120 व्होल्टचं मशीन 220-240 वर लावलं तर जळतं.

एक तडजोड मनाशी पक्की करून घ्या. ग्राइंडर आणि मशीन एकाच खोक्यात असल्यामुळे एक बिघडलं की दोन्ही दुरुस्तीला जातात. सुटे भाग मिळतात का, रबरी वॉशर, गाळणी, चकत्या, हे घेण्याआधी विचारायचं ते त्यासाठी.

बिया

पाकिटावर भाजल्याची तारीख शोधा. नुसती संपण्याची तारीख असेल तर बिया किती ताज्या आहेत ते कळायला मार्ग नाही. एस्प्रेसोसाठी भाजल्यापासून आठ-दहा दिवस उलटलेल्या बिया उत्तम. अगदी कालच भाजलेल्या असतील तर आतला वायू इतका उसळतो की धार फेसाळ आणि वेडीवाकडी येते. ड्रिपला चार-पाच दिवस थांबलं तरी चालतं.

पहिल्या महिन्यात मध्यम भाजलेल्या बियाच घ्या. हे मी सोसून सांगतोय. माझ्या मशीनमध्ये मी एकदा खूप गडद भाजलेल्या, तेलानं चमकणाऱ्या बिया घातल्या. दोन आठवडे कॉफी दाट, कडक, छान लागली. मग एका सकाळी ग्राइंडरची जाडसर घरघर पातळ होऊन नुसती सूं ऐकू यायला लागली. डब्यात बघितलं तर बिया कडेला चिकटून बसलेल्या आणि मधोमध विहिरीसारखा खड्डा. वरची चकती काढली. पूड जिथून बाहेर पडते तो मार्ग लगद्यानं असा लिंपलेला होता की लाकडी काडीनं खरवडावा लागला, आणि काडीवर जे आलं ते पूड नव्हतीच, काळपट मेण होतं. बोटाला लावून वास घेतला तर जुन्या तेलाचा खवट वास. मशीनमध्ये दोष नव्हता. तेलकट बिया डब्यात घसरत नाहीत आणि त्यांची पूड वाटेतच थिजते. बी चिमटीत धरून कागदावर घासा; डाग उमटला तर ती या मशीनसाठी नाही.

साखरेचं किंवा सुगंधाचं आवरण दिलेल्या बिया कधीच घालू नयेत. काही मशीनना आधी दळलेली पूड घालायला वेगळं तोंड असतं. त्यात इन्स्टंट कॉफी टाकलीत तर ती आत विरघळून चिकटते.

मशीनच्या डब्यात दोन दिवसांपुरत्याच बिया घाला. बाकीच्या हवाबंद डब्यात, उजेडापासून दूर. रोज फ्रिजमधून आत-बाहेर करू नका, बियांना ओल धरते.

पहिला दिवस

टाकी, चोथ्याचा डबा, दांडा, गाळण्या साबणाच्या पाण्यानं धुऊन घ्या. ग्राइंडरला पाणी लावायचं नाही, आजही नाही आणि पुढेही नाही. टाकीभर पाणी कॉफीशिवाय मशीनमधून काढून टाका, म्हणजे नळ्यांमधली कारखान्याची चव जाते. वाफेची नळी असेल तर तिच्यातूनही थोडं पाणी आणि वाफ सोडा.

पाण्याबद्दल एवढंच: रोज ताजं भरा. जड पाणी असेल तर आत क्षार साचतात, तेव्हा टाकीत बसणारा फिल्टर लावा. डिस्टिल्ड पाणी घालू नका. त्याची कॉफी मिळमिळीत लागते आणि काही मशीनना टाकीत पाणी आहे हेच कळत नाही.

मशीन तापल्याचा दिवा लागला तरी आणखी दहा मिनिटं थांबा. दिवा आतलं पाणी तापलंय असं सांगतो. दांडा आणि कप अजून गारच असतात. दांडा अडकवून एकदा नुसतं गरम पाणी सोडलं की तोही तापतो.

दळण जुळवणं

नवखा माणूस कंटाळतो तो इथं, आणि खरी गंमतही इथंच आहे. अर्धस्वयंचलित मशीनवरचं सांगतो.

0.1 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आणून ठेवा. डोळ्यांवर विसंबून हे जमत नाही. दुहेरी कपाच्या गाळणीत 18 ग्रॅम पूड घ्या. गाळणी लहान असेल तर तिच्या मापाप्रमाणे 15-16 ग्रॅम. कपात उतरायला हवी त्याच्या दुप्पट, म्हणजे 36 ग्रॅम कॉफी, आणि बटण दाबल्यापासून 25 ते 30 सेकंदांत. हे तीन आकडे कागदावर लिहून मशीनला चिकटवा.

पूड गाळणीत पडली की ढीग एका बाजूला झुकलेला असतो. सुईनं किंवा टाचणीनं ती तळापर्यंत हलकी ढवळून गुठळ्या मोडा आणि सारखी करा. मग दाबा. किती जोरानं दाबता यापेक्षा सपाट दाबता का हे महत्त्वाचं. दाबलेल्या पुडीची वडी तिरकी बसली तर पाणी पातळ बाजूनं वाट काढतं, तिथली पूड जास्त पिळली जाते आणि दुसरीकडची कोरडी राहते. कोपर दांड्याच्या बरोबर वर ठेवलंत तर हात आपोआप सरळ दाबतो.

आता कप काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, बटण दाबा, घड्याळ लावा. आणि तेल बघा, तेलाची धार बघा.

पहिल्यांदा बहुतेक असं होतं: चार सेकंदांत धार सुरू, फिकट, पाण्यासारखी, बाराव्या सेकंदाला 36 ग्रॅम भरले. चाखून बघा, ओतून देऊ नका. आंबट, पातळ, जिभेला झोंबणारी. दळण जाड आहे. ग्राइंडर दोन टप्पे बारीक करा, आणि हे ग्राइंडर चालू असतानाच करा. थांबलेल्या चकत्यांमध्ये बिया अडकलेल्या असतात, त्यावर जोर केला तर दात दुखावतात. बदल केल्यावर ग्राइंडरच्या वाटेत आधीच्या जाडीची थोडी पूड उरलेली असते. चार-पाच ग्रॅम दळून टाकून द्या, नाहीतर नव्या टप्प्याचा कप समजून तुम्ही जुनाच पिऊन बघाल आणि गोंधळाल.

दुसऱ्या खेपेला कदाचित उलट होईल. पंधरा सेकंद काहीच नाही, मग काळे थेंब, चाळीस सेकंदांनंतरही अर्धा कप. ही कॉफी कडू लागते आणि घोट गेल्यावर तोंड कोरडं पडतं. एक टप्पा जाड करा.

जमलेली धार ओळखता येते. सात-आठ सेकंदांनी दोन गडद थेंब, मग मधासारखी दाट तपकिरी धार, हळूहळू सोनेरी होत जाणारी, आणि फिकट पडायला लागली की 36 ग्रॅमच्या आसपास काटा पोचलेला. ती पहिल्यांदा दिसते तेव्हा फार बरं वाटतं.

एका वेळी एकच गोष्ट बदला. पूडही वाढवली, दळणही बारीक केलं आणि चव सुधारली, तर कशानं सुधारली ते कधीच कळणार नाही. आणि आकडे जमले तरी चव आवडली नाही, तर जिभेचं ऐका. हलक्या भाजलेल्या बिया मुळातच फळासारख्या आंबटसर असतात. त्यांना 40 ते 45 ग्रॅमपर्यंत उतरू द्या.

बिया जुन्या होत जातात तशी तीच पूड पाण्याला कमी अडवते आणि धार वेगानं येऊ लागते. त्यामुळे पाकीट संपेपर्यंत एक-दोन टप्पे बारीक करावं लागलं तर मशीन बिघडलं असं समजू नका. नवं पाकीट उघडलं की पुन्हा जुळवायचं; तोवर हात बसलेला असतो, दोन कपांत जमतं.

स्वयंचलित आणि ड्रिप

पूर्ण स्वयंचलित मशीनला स्वतःचा अंदाज बसायला पाच-सहा कप लागतात, तोवर चवीवरून मत बनवू नका. मग कडकपणा सगळ्यात वर ठेवा, दळण मधल्यापेक्षा बारीक करा आणि एस्प्रेसोचं प्रमाण 40 मिलिलिटरच्या आसपास आणा. कारखान्यातून येताना पाणी बरेचदा जास्त लावलेलं असतं. मोठा कप हवा असेल तर लहान एस्प्रेसो काढून वरून गरम पाणी घाला. तेवढ्याच पुडीतून 150 मिलिलिटर काढलं की शेवटी नुसता कडवटपणा उतरतो.

ड्रिपला लिटरमागे 60 ग्रॅम बिया, दळण साखरेच्या बारीक दाण्याएवढं. भांड्यावरचा कप साधारण 125 मिलिलिटरचा असतो, तुमचा मग त्याच्या दुप्पट भरेल, हे लक्षात ठेवून पाणी घाला. या मशीनचा एक मोठा शत्रू म्हणजे वाफ. कॉफी गळत असताना वाफ वर ग्राइंडरच्या तोंडाशी जाते आणि तिथली पूड ओली होऊन घट्ट बसते. कॉफी झाली की झाकण लगेच उघडा, पूड पडते ते तोंड कोरड्या ब्रशनं झाडा, मशीन वाळू द्या. मशीनच्या तापत्या तव्यावर भांडं अर्ध्या तासाहून जास्त ठेवू नका. थर्मासचं भांडं मिळत असेल तर तेच घ्या.

टायमर लावून पहाटे आपोआप कॉफी होते हे खरं, पण ग्राइंडर आधी सुरू होतो आणि त्याचा आवाज बंद दाराआडही जातो. घरात तान्हं मूल असेल तर आधी विचार करा.

दूध

दूध फ्रिजमधलं थंड घ्या, भांडं एक तृतीयांश भरा. वाफेच्या नळीतलं पाणी आधी एकदा सोडून द्या. टोक दुधाच्या पृष्ठभागाला जेमतेम बुडवा, कागद फाटल्यासारखा आवाज यायला हवा. मोठे बुडबुडे उसळले तर टोक फार वर आहे. भांडं कोमट लागलं की टोक आत घाला आणि दूध भोवऱ्यासारखं फिरू द्या. तळहात भांड्यावर टेकवत नाही असं झालं की थांबा. ते 60 ते 65 अंश असतं. याच्या वर दुधाचा गोडवा जातो. नळी त्याच क्षणी ओल्या फडक्यानं पुसा आणि वाफ सोडा. दोन मिनिटांनी पुसू म्हटलं की दूध सुकून भोकं बुजतात. स्वयंचलित मशीनच्या दुधाच्या नळ्या रोज धुवा, रोज म्हणजे रोज.

साफसफाई

रोज चोथा आणि ठिबकलेलं पाणी टाका. चोथ्याचा डबा एक रात्र जरी भरलेला राहिला तरी उष्ण, दमट दिवसांत बुरशी धरतो. आठवड्यातून एकदा ब्रू ग्रुप काढून कोमट पाण्यानं धुवा, साबण नको, तो आतलं वंगण काढतो. अर्धस्वयंचलित मशीनमध्ये गाळणीत बंद तळाची चकती घालून पाण्याचा उलटा फेरा द्यायची सोय आहे का ते पुस्तिकेत पाहा. असेल तर आठवड्यातून एकदा पाण्यानं आणि महिन्यातून एकदा त्यासाठीच्या पावडरीनं करा.

ग्राइंडर महिन्यातून एकदा. डबा रिकामा होईपर्यंत दळा, प्लग काढा, वरची चकती उचला, दातांमधली पूड ताठ ब्रशनं झाडा आणि उरलेली व्हॅक्यूमनं ओढून घ्या. डब्याच्या कडांना तेलाचा पिवळसर थर दिसेल, तो कोरड्या कापडानं पुसा. तांदूळ दळून ग्राइंडर साफ करायची युक्ती बऱ्याच ठिकाणी सांगितली जाते, करू नका. कच्चा तांदूळ भाजलेल्या बीपेक्षा खूप टणक असतो, आणि त्याचं पीठ आतच राहतं.

क्षार काढायची सूचना मशीननं दिली की पुढं ढकलू नका. त्यासाठीचंच द्रावण वापरा. व्हिनेगरचा वास आठवडाभर कॉफीत राहतो आणि रबरालाही ते चांगलं नाही. काम अर्ध्यावर सोडू नये, नंतर दोन टाक्या साधं पाणी सोडावं.

आठवडाभर बाहेर जाणार असाल तर बिया काढून हवाबंद डब्यात भरा, आत उरलेल्या दळून टाका, टाकी रिकामी करा आणि ब्रू ग्रुप बाहेर काढून दार उघडं ठेवा. परत आल्यावर टाकीभर पाणी नुसतं सोडा, पहिल्या दळणातली पूड टाकून द्या, आणि कप दुसऱ्या दळणाचा भरा.